सातवं नाव

“मावशी, किती वाजले?”

मायाक्कानं विचारलं आणि मी नेहमीसारखी तिच्यावर डाफरले. “माझ्या डोक्यावर परातीएवढं घड्याळ टांगलंय. ते काय हार घालायला ठेवलंय?”

मधली सुट्टी होती. मी ऑफिसच्या दारात स्टुलावर बसून शेंगा सोलत होते. समोर अंगणातल्या उन्हात मायाक्का कोळेकर, दहावी ब, दोन वेण्या, अनवाणी. ती हसली. “तुम्ही सांगितलं की खरं वाटतंय, मावशी.”

“एक वाजून दहा मिनिटं. जा, डबा खा.”

“परवा फायनलला तुम्ही येणार न्हवं?”

“मी नाही आले तर तुम्हाला गाडीत तरी चढू देतील का?”

पोरींचा संघ बाहेर जायचा तर बरोबर एक बाईमाणूस लागायचं. आमच्या शाळेत शिक्षिका तिघी. एकीचं मूल लहान, दुसरीला बस लागायची, तिसरीला खेळच लागायचा नाही. म्हणून बारा वर्षं खो-खोच्या संघाबरोबर मीच. मी म्हणजे अक्काताई गुरव, शाळेची शिपाई. माझी स्वतःची शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं मी फळे पुसता पुसता शिकले. फळ्यावरचं बघून अक्षर घटवलं, अपूर्णांक शिकले, आणि मैदानाकडं बघून खो-खो शिकले.

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आजवर मी ती दोघांनाच सांगितली.

मायाक्काच्या आयुष्याचं त्या फायनलवर अडलं होतं, आणि ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं, कारण तिच्या बापानं ते स्टँडवर उभं राहून सांगितलं होतं. बिरूअण्णा कोळेकरांचा विटांचा टेम्पो होता. ते म्हणाले होते, “फायनल बघायला राज्याच्या संघाची निवड करणारे येणार हाईत. पोरीचं नाव त्यात आलं तर बारावीपातूर शिकवतो. न्हाई आलं तर मे महिन्यात लग्नाचा बार उडवून टाकतो. जागा बघून ठिवल्यात.”

माणूस वाईट नव्हता. पोरीची एक मॅच चुकवायचा नाही. टेम्पोत भाडं असलं तरी विटा तशाच ठेवून मैदानाच्या कडेला उभा राहायचा आणि घसा बसेपर्यंत ओरडायचा. त्याच्या जोडीला सलूनवाला मधू काशीद. मधूचं दुकान मैदानासमोर. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा टेकवून तो संघ निवडायचा, त्यामुळं त्याचं म्हणणं सहसा कुणी खोडत नसे. आणि तिसरी मी. पण मी त्या दोघांसारखी नुसती ओरडणारी नव्हते. माझ्याजवळ वही होती.

खो-खोत पळायला नऊ जणी असतात. तीन-तीनच्या तुकडीनं त्या आत जातात. एक तुकडी बाद झाली की दुसरी, मग तिसरी; वेळ उरला तर पुन्हा पहिली. कोण किती वेळ टिकते यावर सगळा खेळ. पाचची घंटा दिली की पोरींचा सराव सुरू व्हायचा, आणि माझ्या हातात वर्ग झाडायचा झाडू असायचा. एका हातात झाडू, दुसऱ्या मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ. कुठली पोरगी किती मिनिटं किती सेकंद पळाली, ते रोज मी निळ्या रेघांच्या वहीत उतरवायची. कुणी सांगितलं नव्हतं. घंटा वाजवणाऱ्या बाईला वेळेचं व्यसन लागतं, एवढंच.

त्या वहीप्रमाणं मायाक्काच्या जवळपास कुणी नव्हतं. साडेतीन मिनिटं, पावणेचार, एकदा तर चार मिनिटं वीस सेकंद. दुसऱ्या नंबरची पोरगी दोन मिनिटांवर धापा टाकायची. आणि आमचे मगदूम सर या पोरीला कायम तिसऱ्या तुकडीत ठेवायचे! नऊ नावांत सातवं नाव. तिची पाळी येईपर्यंत निम्मा खेळ संपलेला. कधी कधी तर तिला मिनिटभरच पळायला मिळायचं. निवड करणाऱ्यांना मिनिटभरात काय दिसणार होतं, कपाळ?

फायनलच्या आदल्या दिवशी मी वही घेऊन सरांकडं गेले. मधू आणि बिरूअण्णा आधीच तिथं होते. सर तोंडात लवंग धरून खो-खोच्या खांबाला रंग देत होते. मगदूम सर म्हणजे दिवसाला वीस शब्द बोलणारा माणूस. त्यांतले बारा शिट्टीनंच व्हायचे.

“सर, पहिल्या तुकडीत घाला पोरीला,” बिरूअण्णा म्हणत होते. “हात जोडतो. तिथं मोठी मोठी माणसं येणार. पहिल्या दमात दिसली पाहिजे.”

“वाघ शेवटी सोडत न्हाईत, सर,” मधू म्हणाला. “हे आमच्या गिऱ्हाइकालाबी कळतंय.”

सर रंग देत राहिले.

मी वही उघडून त्यांच्यापुढं धरली. “सर, मी तोंडाची वाफ घालवत नाही. हे बघा. जून ते नोव्हेंबर. एकशे अकरा नोंदी आहेत.”

त्यांनी ब्रश बाजूला ठेवला, हात पुसला, आणि चार-पाच पानं खरंच वाचली. मला वाटलं, जिंकले. मग वही मिटून माझ्या हातात दिली.

“तिसऱ्यातच बरी आहे ती, अक्काताई.”

“पण का?”

“बरी आहे.”

“सर, बारा वर्षं बघतेय मी.”

“बघताय खरं,” सर म्हणाले, आणि परत ब्रश उचलला.

ते ‘खरं’ मला फार लागलं. चौथी शिकलेल्या बाईनं आकडेमोड करू नये, असं मला त्यात ऐकू आलं. त्यांनी तसं काही म्हटलेलं नव्हतं. पण लागायचं ते लागलं.

जाता जाता मी मायाक्काला गाठलं. “तुला कुठल्या तुकडीत पळायचंय गं?”

“सर सांगतील तिथं.”

“तुझं तू सांग ना. घाबरतेस का त्यांना?”

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मी त्याचा अर्थ ‘घाबरते’ असाच लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही तालुक्याच्या गावी पोचलो. मैदान तिथल्या एका शाळेचं होतं. पश्चिमेला दुमजली इमारत, बाकी सगळं उघडं. फायनल तीन वाजता. दुपारी पोरी झाडाखाली पाठ टेकून पडल्या होत्या आणि मगदूम सर मैदानाच्या मधोमध उभे राहून कधी आभाळाकडं, कधी त्या इमारतीकडं, कधी घड्याळाकडं बघत होते. टाचेनं मातीत एक रेघ ओढायचे, थोड्या वेळानं येऊन दुसरी ओढायचे.

“सर काय मुहूर्त बघायला लागलेत काय?” मधू मला म्हणाला. टेम्पोतनं वीस माणसं घेऊन तो आणि बिरूअण्णा आले होते. “संघ बघायचा सोडून हा गडी इमारत बघतोय. बांधकाम खात्यात जायचं होतं यानं.”

मी हसले. चांगली पोट धरून हसले.

नाणेफेक झाली. आमच्या पोरी आधी पाठलाग करणार, त्यांच्या पळणार. नऊ मिनिटांत आम्ही नऊ गडी टिपले. वाईट नव्हतं. आता पळायची पाळी आमची. मगदूम सरांनी खिशातनं चिठ्ठी काढली, घडी घातली आणि माझ्यापुढं धरली. पळणाऱ्यांच्या क्रमाची चिठ्ठी पाळी सुरू व्हायच्या आधी गुणलेखकाच्या टेबलावर द्यावी लागते. ते काम माझं. बारा वर्षं मीच नेत होते.

टेबल मैदानाच्या पलीकडच्या टोकाला होतं. मधे मांडवाची एक कनात होती. कनातीच्या आड मी थांबले.

चिठ्ठी उघडली. सातवं नाव, कोळेकर.

कडेला बिरूअण्णा ओरडत होते, “माया! माझी माया!” खुर्च्यांवर निवड करणारे तिघे चहा पीत बसले होते. एकाचं घड्याळाकडं लक्ष होतं; मला वाटलं हा अर्ध्यातनं उठून जाणार. पोरीचा मे महिना माझ्या डोळ्यांपुढं आला. हळदीच्या अंगानं ती सासरच्या गाडीसाठी स्टँडवर बसलेली. मी वहीचं पान फाडलं, कनातीच्या बांबूला टेकवलं आणि सरांची यादी माझ्या सुंदर अक्षरात परत लिहिली. फक्त पहिलं नाव सातवं केलं आणि सातवं पहिलं. सरांची चिठ्ठी ब्लाऊजमध्ये कोंबली, माझी टेबलावर दिली. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा लागलं नसेल. मला तर वाटत होतं, मी पुण्याचं काम करतेय.

गुणलेखकानं नावं पुकारली. “कोळेकर! शिंगाडे! वाघमोडे!”

झाडाखाली बसलेली मायाक्का उठलीच नाही. तिला वाटलं, चुकून पुकारलं. तिनं सरांकडं बघितलं. सर मोठ्या ढांगा टाकत टेबलाकडं गेले. गुणलेखकानं चिठ्ठी त्यांच्यापुढं केली. “लेखी दिलंय सर. तसंच पुकारलं.”

सरांनी चिठ्ठी हातात घेतली. निळ्या रेघांचं पान त्यांनी कालच बघितलं होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मग चिठ्ठी टेबलावर ठेवली, मायाक्काजवळ जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “जा.”

आमच्या वीस जणांनी आभाळ डोक्यावर घेतलं. मधूनं माझ्याकडं बघून हवेत मूठ फिरवली. मी मनगट डोळ्यांपुढं धरलं.

पहिले सात सेकंद ती बरी पळाली, खांबाला वळसा घालून आली. मग ‘खो’ झाला आणि उन्हाच्या बाजूनं त्यांची एक उंच पोरगी उठली. मायाक्का थेट तिच्याच अंगावर गेली. जणू समोर कुणी नव्हतंच. त्या पोरीला हातसुद्धा लांब करावा लागला नाही.

अकरा सेकंद.

माझ्या वहीत असला आकडा एकाही पोरीच्या नावापुढं नव्हता. मायाक्का बाहेर आली आणि डोळे मिटून उभी राहिली. सरांनी ओला टॉवेल तिच्या डोक्यावर घातला, तोंडावरून खाली ओढला.

ती गेली आणि बाकीच्या दोघी कावऱ्याबावऱ्या झाल्या. नऊच्या नऊ संपल्या, पहिली तुकडी परत आत गेली आणि तिच्यातल्याही दोघी गेल्या; नऊ मिनिटांत आमचे अकरा बाद.

आणि मग मी मधूला ऐकलं. तो शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता, “असली कोवळी पोरगी कुणी पहिल्या तुकडीत घालतंय व्हय? गडी दमल्यावर सोडायची असती तिला. तिसऱ्यात ठिवायची! एवढंबी कळंना मास्तरला?”

बिरूअण्णा तरातरा सरांकडं गेले. “काय केलंसा ओ हे? का घातलीसा तिला पयली?”

मी तिथंच होते, चार हातांवर, पाण्याची कळशी घेऊन. माझं नाव आता निघेल म्हणून मी कळशीला घट्ट धरून उभी राहिले.

“चुकलं माझं,” सर म्हणाले.

एवढंच. लवंग एका गालातनं दुसऱ्या गालात गेली.

दुसऱ्या डावात आमच्या पोरींनी जिवाच्या करारावर पाठलाग केला आणि आठ जणी टिपल्या. आमचे सतरा झाले. त्यांना जिंकायला सात हवे होते आणि पळायची पाळी पुन्हा आमची. सरांनी खिशातनं कागद काढला, लिहिला, घडी घातली, आणि माझ्यापुढं धरला.

मी हात पुढं केला नाही. “सर, दुसऱ्या कुणाजवळ...”

“चिठ्ठी तुम्हीच नेता ना, अक्काताई?” सर म्हणाले. “न्या.”

ते दीडशे पावलांचं अंतर असेल. मी ती घडी दोन बोटांत अशी धरली होती, जशी पेटलेली काडी धरतात. टेबलावर ठेवली तेव्हाही उघडली नाही. गुणलेखकानं नावं लिहून घेतली. सातवं, कोळेकर.

पहिल्या दोन तुकड्या साडेपाच मिनिटांत संपल्या. सहा बाद. सतरा-सतरा. तिसरी तुकडी आत गेली तेव्हा साडेतीन मिनिटं उरली होती आणि एक जरी बाद झाली तरी सामना गेला होता. मायाक्का मैदानात शिरली. तेव्हा कुठं माझं लक्ष गेलं. दुमजली इमारतीची सावली पार पलीकडच्या रेघेपर्यंत आली होती. मॅचआधी सरांनी टाचेनं ओढलेल्या रेघा त्या सावलीत होत्या.

त्यानंतर ती जी पळाली! बसलेल्या पोरींच्या मधनं शिवणीचा टाका घालावा तशी आतबाहेर, आतबाहेर. हूल द्यायची आणि समोरची पोरगी रिकाम्या जागेवर सूर मारून पडायची. बिरूअण्णांचा आवाज बसला होता, ते नुसते हातवारे करत होते. एक मिनिट. दोन. तीन. निवड करणारे तिघे उभे राहून बघत होते. शेवटचे पंधरा सेकंद राहिले असताना तुकडीतली दुसरी पोरगी, छाया, पाय घसरून पडली आणि बाद झाली.

मायाक्का शिट्टी वाजेपर्यंत बाद झाली नाही. सामना आम्ही एका गुणानं घालवला.

संध्याकाळी नावं जाहीर झाली. निवड करणाऱ्यांतला एकजण सरांना म्हणाला, “ती सात नंबरची मुलगी चांगली आहे हो. पण अकरा सेकंद म्हणजे... भरवसा नाही.”

परतीच्या बसमध्ये पोरी रडून रडून झोपल्या होत्या. मी सरांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. ब्लाऊजमधली चिठ्ठी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

“मी केलं,” मी म्हटलं.

“हं.”

“तुम्ही पंचांना सांगितलं का नाही?”

“चिठ्ठी खोटी म्हटलं असतं तर संघ बाद झाला असता. आणि तुमची नोकरी गेली असती.” मग हात पुढं करून म्हणाले, “वही आहे?”

मी दिली. बसच्या खिडकीतनं मावळतीचा उजेड येत होता. ते पान पान उलटत राहिले.

“फार चांगली वही आहे,” सर म्हणाले. टोमणा नव्हता तो. “मला अशी जमली नसती. एक रकाना कमी पडलाय फक्त.”

“कुठला?”

“किती वेळ पळाली ते आहे. किती वाजता पळाली ते नाही.”

“सराव पाचच्या घंटेनंतरच असतो की, सर. सगळ्या नोंदी पाचनंतरच्या...”

आणि माझं बोलणं तिथंच थांबलं.

पाचनंतर आमचं सगळं मैदान शाळेच्या सावलीत असतं. एकशे अकरा नोंदी, सगळ्या सावलीतल्या. भर उन्हात मी मायाक्काला पळताना आजच्याआधी कधी बघितलंच नव्हतं; मॅचमध्येही तिची पाळी येईपर्यंत ऊन उतरलेलं असायचं. मी तिला उन्हात बघायची ती फक्त मधल्या सुट्टीत, अंगणात, डोळे बारीक करून उभी असलेली. किती वाजले, मावशी? रोज. दोन वर्षं. आणि संध्याकाळी तिनं एकदाही वेळ विचारली नव्हती.

“सर,” मी म्हटलं, “तिला उन्हात...”

“मी काही बोललेलो नाही,” सर घाईनं म्हणाले. “मी तिला शब्द दिलाय. तुम्ही तुमचं ओळखलंत.”

त्यांनी वही मिटली, माझ्या हातात दिली आणि खिशातनं लवंगेची पुडी काढून माझ्यापुढं धरली. मी एक घेतली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी दहाच्या सुमारास मी कोळेकरांच्या दारात गेले. बिरूअण्णा टेम्पो धूत होते.

“या अक्काताई. बघितलंसा न्हवं, काय केलं त्या मास्तरनं?”

“मास्तरनं नाही. मी केलं.” आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वही, कनात, निळ्या रेघांचं पान. “तिचं नाव निघालं नाही ते माझ्यामुळं. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला, शाळेत तक्रार करा. पण मे महिन्याचं काढू नका. माझ्या चुकीची शिक्षा तिला नको.”

बिरूअण्णांच्या हातातला फडका गळून बादलीत पडला. मला वाटलं, हा माणूस आता अंगावर येतोय. पण ते म्हणाले, “मीबी तेच वरडत हुतो की. पयली घाला म्हणून. माझ्या हातात चिठ्ठी असती तर मीबी तेच केलं असतं.” मग कपाळाला आठ्या घालून, “पर मला एक सांगा. सरांनी तिला तिसऱ्यात का ठिवली हुती?”

मला माहीत होतं. सांगायचा अधिकार नव्हता. मी टेम्पोच्या ओल्या चाकाकडं बघत राहिले.

“मला उन्हात दिसत नाही, अण्णा.”

मायाक्का दारात उभी होती. पिठानं भरलेले हात तसेच.

“दिसत न्हाई म्हंजे?”

“धुरकट दिसतंय. सावलीत नीट दिसतंय, उन्हात पांढरं पांढरं होतंय सगळं. सरांच्या ध्यानात आलं. ते आणि त्यांच्या घरच्या बाई मला मिरजेला डॉक्टरांकडं घेऊन गेले होते. लहानपणापासूनचा मोतीबिंदू आहे म्हणाले. ऑपरेशननं जातोय.” मग घाईघाईनं, “मीच म्हटलं सरांना, घरी सांगू नका. डोळ्याचं कळलं की तुम्ही खेळ बंद केला असता. आणि लग्नाच्या जागेवाल्यांना...”

बिरूअण्णांनी हात लांब करून टेम्पोकडं बोट केलं. टेम्पो उन्हात होता, वीस पावलांवर. “नंबर वाच.”

तिनं डोळे बारीक केले. मान तिरकी केली. मग खाली घातली.

“रोज दुपारी,” बिरूअण्णा म्हणाले, आणि त्यांचा कालचा बसलेला आवाज आणखी बसला, “रोज दुपारी मी शाळंवरनं जाताना तुला हात करतो. तू मैत्रिणींसंगं उभी असतीस. बघतीस आन् तोंड फिरवतीस. मला वाटायचं, पोरगी मोठ्या शाळंत गेली, आता विटाच्या टेम्पोवाल्या बापाची लाज वाटती.”

“अण्णा, मला नाही दिसला हात.”

“व्हय,” ते म्हणाले. “व्हय, व्हय.”

त्यांनी बादलीतला फडका काढला, पिळला, आणि कोरड्या झालेल्या टेम्पोला परत पुसायला लागले. मी तिथनं निघाले. मे महिन्याचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. मे महिन्यात मिरजेला ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांचं, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं.

पुढच्या वर्षी राज्याच्या यादीत तिचं नाव आलं ते राखीव म्हणून. ती सगळे दिवस बाकावर बसून परत आली. बिरूअण्णांनी मात्र टेम्पोच्या मागच्या फळीवर ‘मायाक्का’ असं भलंमोठं रंगवून घेतलं, शेजारी पळणारी पोरगी काढून घेतली. ती हरणासारखी दिसायची, पण ते असो.

मगदूम सर निवृत्त झाले, आता द्राक्षं लावतात. त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली असेल असं मला वाटत नाही. त्यांचे रोजचे वीस शब्द एवढ्यासाठी पुरायचे नाहीत. मधूचं सलून तिथंच आहे. आणि सरांच्या जागेवर आमच्या शाळेत गेल्या जूनपासून खेळाच्या बाई आल्यात. चष्मा लावतात. पोरी त्यांना कोळेकर बाई म्हणतात. मी चारचौघांत ‘बाई’ म्हणते आणि एकटी असली की ‘माया’.

गेल्या महिन्यात आमच्याच मैदानावर फायनल होती, भर दुपारी अडीचला. कडेला गर्दी. मधू, केस सगळे पांढरे, सत्तर जणांना ऐकू जाईल असं सांगत होता की पहिल्या तुकडीत शाहीन पाहिजे. माझ्या वहीतही तेच होतं. वही आता अकरावी आहे, तिच्यात एक रकाना जास्त आहे, आणि तरी तेच होतं.

पळायची पाळी आली तशी मायानं चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि माझ्यापुढं धरली.

“मावशी, एवढी टेबलावर देऊन या.”

मी हात पुढं केला, मागं घेतला. तिनं चष्म्यातनं माझ्याकडं बघितलं. त्या सकाळी टेम्पोजवळचं माझं सगळं बोलणं दाराआडनं तिनं ऐकलं होतं की नाही, हे मी अठरा वर्षांत तिला विचारलेलं नाही.

“बघायची असली तर बघा की उघडून,” ती म्हणाली.

मी चालायला लागले. अर्ध्या वाटेत उघडली. शाहीनचं नाव सातवं होतं.

का, ते मला कळलं नाही. ऊन बघितलं, सावली बघितली, शाहीनकडं बघितलं. ती झाडाखाली बसून वेणीचं टोक चावत होती. काही म्हणजे काही कळलं नाही. मी चिठ्ठीची घडी परत होती तशी घातली आणि टेबलावर ठेवली.

“काही बदल?” गुणलेखकानं विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “आहे तशीच लिहून घ्या.”